पांढरं कार्ड

चंद्रपूर, ९ जानेवारी २०२५

प्रफुलदादा,

जयभीम. घे, निदान एवढा तरी घे.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, माय बरी आहे. फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस आणि एटापल्लीच्या पुढं तुझ्या आरोग्य उपकेंद्रावर रेंज असली तर असली. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात धरावं लागतं.

बातमी अशी, की आम्ही जर्मनीला चाललो आहोत. मी आणि प्रणित, दोघंही. १६ मार्चचं विमान आहे. तिथल्या एका लहान गावातल्या रुग्णालयात मला नर्सची नोकरी लागली. गावाचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. भाषेची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. प्रणितही शिकतो आहे. रोज दाढी करताना तो आरशाला जर्मनमध्ये विचारतो, स्टेशन कुठं आहे म्हणून. आरसा काही सांगत नाही, पण त्याचे उच्चार माझ्यापेक्षा बरे आहेत. वीज केंद्रातलं कंत्राटी काम त्यानं ३१ डिसेंबरला सोडलं आणि मोटारसायकलही विकली. म्हणजे आता मागं फिरायची सोय राहिली नाही.

माय गावात एकटीच राहणार. तिला तुझ्याकडे ने म्हणत नाही, तू स्वतःच एका खोलीत राहतोस हे मला माहीत आहे. पण महिन्यातून एकदा चामोर्शीकडे चक्कर टाकत जा. सूरजागडच्या खाणीच्या ट्रकांमुळे रस्ता वाईट झाला आहे म्हणतात, तरी बस येतेच ना? माझं लग्न ठरवलं त्या साक्षगंधाच्या दिवशी तू न जेवता उठून गेलास तेव्हापासून ती चपलांचा आवाज आला की दाराकडे बघते. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

आणखी एक काम होतं. दवाखान्यात माझी एक मैत्रीण आहे, तिला दिवस गेलेत. तिचं सिकलसेलचं कार्ड पिवळं आहे, ती वाहक आहे, आणि नवऱ्याचंही पिवळंच असावं अशी तिला शंका आहे. तू गावोगाव सांगायचास ना, "एक पिवळं चालते, दोन पिवळे नाई चालत. दोन पिवळ्याच्या घरी चारात एक लाल." तेच मी तिला सांगितलं, आणि तेव्हापासून तिला झोप नाही. पोटातल्या बाळाची तपासणी नागपूरला नक्की कितव्या आठवड्यात करतात, तेवढं कळव. नर्स असून तुला ठाऊक नाही का, असं म्हणशील. ठाऊक आहे. पण तू या आजारामागं पंधरा वर्षं घातलीस, तुझ्याकडून कळलं की तिला धीर येईल. ती फार घाबरली आहे.

उर्वशी


चंद्रपूर, १९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनची वाट बघते.

प्रणितनं एक निळी फाइल केली आहे. लग्नाचा दाखला, माझी पदवी, त्याचं आयटीआयचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, सगळं ओळीनं लावलेलं. मधे रंगीत चिठ्ठ्या. त्याला असली कामं आवडतात. घरात एक वायर लोंबलेली त्याला चालत नाही, तर कागद कसा चालेल? गेल्या आठवड्यात "आरोग्य" असं लिहून त्यानं एक नवा कप्पा केला आणि त्यात सगळ्यात वर त्याचं पांढरं कार्ड ठेवलं. लग्नानंतर त्यानं ते लॅमिनेट करून घेतलं होतं, तुला माहीत नसेल.

मी म्हटलं, हे कशाला, त्यांनी मागितलेलं नाही.

तर म्हणाला, "असू दे न. तुह्या दादाची सही हाय यावर. थे मले पसंत नाई करत, काऊन नाई करत थेही मले आजपर्यंत समजलं नाई. पण साठ लोकायसमोर त्यायनं माह्यं कार्ड वाचलं. माणूस कडक हाय, पण खोटं नाई बोलत."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

परवा तो नागपूरला जाऊन सगळ्या कागदांचं भाषांतर करून घेऊन आला. कार्डाचंही. त्याचं स्वतंत्र पान, खाली भाषांतरकाराची सही, गोल शिक्का. आता ते कार्ड जर्मन भाषेतही पांढरं आहे.

मैत्रीण-बित्रीण कोणी नाही, दादा. तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल. तू लहानपणापासून माझं खोटं ओळखत आलास. मला आठवा आठवडा चालू आहे.

प्रणितला आनंद झाला आहे. बाळ तिकडं होईल, म्हणून तो गादीवर पडल्या पडल्या जर्मन आकडे म्हणत माझ्या पोटाला शिकवतो. मी हसते. हसता हसता मनात चार मोजते. एक, दोन, तीन, आणि चौथा आकडा आला की पुन्हा एकपासून सुरू करते. काल सलाइन लावताना माझी सुई दोनदा चुकली. खाटेवरच्या आजीबाई म्हणाल्या, "पोरी, तुह्या हाताले काय झालं?" मी काय सांगू?

आणि वर तिथली थंडी. मी मोबाइलवर त्या गावाचं हवामान बघत असते. उणे चार, उणे सहा. आपल्या धाकट्या दिव्याला डिसेंबर लागला की कळा यायच्या, आठवतं? तू तिच्या गुडघ्यांना गरम विटा कापडात गुंडाळून लावायचास. अकरा वर्षांची पोर, ओठ चावून पडायची, आणि माय तिला म्हणायची, रड न बाई, रडून घे. चामोर्शीतल्या आपल्या घरातल्या थंडीत तिचे हे हाल, मग तिथं काय? लोक म्हणतील, तिथं औषधं चांगली आहेत. असतील. पण मला औषध आठवत नाही, मला दिव्याचे ओठ आठवतात.

रुग्णालयाला मी अजून कळवलेलं नाही. प्रणितला बाळाचं माहीत आहे, बाकीचं नाही. बाकीचं फक्त दोघांना माहीत आहे, आणि त्यातला एक मला उत्तर देत नाही.

उर्वशी


चामोर्शी, २८ जानेवारी

दादा,

मायकडे आले आहे. निरोप घ्यायला म्हणून प्रणितही आला होता, काल परत गेला. मायनं जवसाची चटणी कुटून ठेवली आहे आणि लाखोळीच्या डाळीचं एक गाठोडं. "तिकडं लाखोळी भेटते काय?" हे तिनं प्रणितला तीनदा विचारलं. प्रणितनं तिन्ही वेळा गंभीरपणे सांगितलं, चौकशी करतो.

आज दुपारी धान सुपात घेऊन बसली होती. पाखडता पाखडता म्हणाली, "प्रफुलचा फोन आला होता. म्हणे, उर्वशीले सांगजो, तिच्या मैत्रिणीले अकरा ते तेरा हप्त्यायच्या मंधात नागपूरले पाठव. त्याच्यानंतर उशीर होते." मग सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "कोणती मैत्रीण वं?"

म्हणजे तू पत्र वाचलंस. आणि दोन्ही वाचलीस की पहिलंच, ते मला कळलं नाही. तरी मला इतकं बरं वाटलं की मी मायला सगळं सांगायला निघाले. म्हटलं, "माय, मलाच दिवस गेले आहेत."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. माझा चेहरा बघून तिला वाटलं असणार, मी दिव्याला आठवून घाबरले. ती उठली, तांदळाच्या कोठीतून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात दिव्याचं लाल कार्ड आहे, अजून. ते मांडीवर ठेवून म्हणाली, "माह्या टायमाले कोणी कार्ड नोतं दाखवलं. मले का मालूम, तुह्या बापाचं रक्त कसं अन् माह्यं कसं. तुले तं भावानं वाचून दाखवलं. जावई पांढरा हाय. तुले कायचं भेव?"

दादा, मी तिथंच बसून राहिले. तिच्या मांडीवर लाल कार्ड, आणि ती माझी समजूत घालते आहे.

आता लिहूनच टाकते. तुला माहीत असलेलं तुलाच लिहिते, पण मी ते आजवर कुठंही लिहिलेलं किंवा बोललेलं नाही.

दिव्या गेल्यावर तू आपल्या गावात रीत पाडलीस. साक्षगंधाला बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायच्या आधी मुलाचं आणि मुलीचं कार्ड ताटात ठेवायचं आणि तू ती दोन्ही उभ्यानं, मोठ्यानं वाचायचास. आधी लोक हसले. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाले. मग आजूबाजूच्या चार गावांतून तुला बोलावणी यायला लागली. तू स्वतःला सोडलं नाहीस. तुझं पिवळं, जिच्याशी लग्न करणार होतास त्या सरिताचंही पिवळं निघालं, त्या दिवशी तू तिला सायकलवरून तिच्या घरी सोडून आलास आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाहीस. मी तेव्हा बारावीत होते. मी तुला विहिरीवर तोंड धुताना पाहिलं होतं, बराच वेळ धूत होतास.

म्हणून मी तुझ्याशी बोलू शकले नाही. ज्यानं स्वतःला माफी दिली नाही तो मला कुठून देणार?

प्रणितचं रक्त मी आमच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये स्वतः लावलं होतं. दोन पट्टे उमटले, म्हणजे पिवळं. माझ्या रक्ताचेही दोनच उमटतात. मी रिपोर्ट फाडला. प्रणित बाहेर रसवंतीवर थांबला होता. त्यानं विचारलं, काय आलं. मी म्हटलं, पांढरं. त्यानं उसाचा रस सांगितला, दोन ग्लास, आले-लिंबू घालून.

आणि कार्ड? रविवारी शिबिरात मी तुझ्या टेबलाशी लिहायला बसायचे. तुझी पद्धत अशी, की सकाळीच पन्नास कोऱ्या पांढऱ्या कार्डांवर सह्या करून गठ्ठा माझ्यापुढं सरकवायचा. पिवळ्यावर आणि लालवर रिपोर्ट बघितल्याशिवाय सही करायचा नाहीस. पांढऱ्याची काय काळजी, पांढरा म्हणजे निरोगी. मी एकदा म्हटलंही होतं, "दादा, असं नाई करत." तू म्हणालास, "दिवसभर सह्याच करत बसलो तं सुई कोण टोचीन? काम अडलं नाई पायजे." त्या रविवारी संध्याकाळी सात कार्डं उरली. मी तुला सहा परत दिली.

साक्षगंधाला तू ताटातलं कार्ड उचललंस. वर माझं अक्षर, खाली तुझी सही, आणि या माणसाला तू कधी टोचलेलं नाही हे तुला ठाऊक. खऱ्या पांढऱ्याला कोणी खोटं कार्ड करत नाही, हेही तुला कळलंच असणार. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर म्हणणार.

आणि तू मोठ्यानं वाचलंस, "प्रणित. पांढरं."

टाळ्या वाजल्या. तू कार्ड ताटात ठेवलंस, चपला घातल्यास आणि निघून गेलास. पुढच्या महिन्यात एटापल्लीकडे बदली मागून घेतलीस. लग्नाला आला नाहीस. आणि त्यानंतर तू कोणाच्याही साक्षगंधाला कार्ड वाचलं नाहीस, हे मला मायकडून कळलं.

मी तेव्हा तुझे उपकार मानले होते. माझी नोकरी वाचली, माझं लग्न झालं. आता वाटतं, तू त्या वेळी ओरडला असतास तर बरं झालं असतं.

उर्वशी


चंद्रपूर, ६ फेब्रुवारी

दादा,

११ तारखेला नागपूरची वेळ मिळाली आहे. प्रणितला मी सांगितलं, नेहमीची तपासणी आहे. पण तिथं आईबापाचंही रक्त घेतात. मी नाही सांगितलं तर त्याला कागदावर वाचायला मिळेल, एखाद्या अनोळखी मुलीच्या हातून. म्हणून आधी सांगायला हवं, आणि माझ्यानं होत नाही.

प्रयत्न केला. परवा आम्ही बॅगा घेऊन कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात गेलो. माणशी तेवीस किलो न्यायला परवानगी आहे, आणि घरचा काटा मोडका. दुकानदारानं पोती बाजूला करून जागा दिली. प्रणितनं बॅग ठेवली, उतरवली, मग गंमत म्हणून मला काट्यावर उभं केलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हे दोघायचं वजन हाय, भाऊ." दुकानदार हसला. मला रडू आलं. त्याला वाटलं, घर सोडायचं म्हणून. परत येताना मी रस्त्यातच थांबले.

"प्रणित, थे कार्ड..."

"ठेवलं न फाइलीत. भाषांतरही ठेवलं. तू टेन्शन नको घेऊ."

"तसं नाई. माह्यं आयक तं..."

"आयकून राह्यलो."

त्यानं दोन्ही बॅगा खाली ठेवल्या आणि खरंच ऐकायला उभा राहिला. त्याचं तोंड किती मोकळं असतं तुला माहीत नाही, तू त्याला नीट बघितलंच नाहीस. मी म्हटलं, चटणीचं झाकण सैल आहे. त्यानं तिथंच बॅग उघडून झाकण आवळलं.

मला त्याची भीती वाटत नाही. तो ओरडणार नाही, हात उचलणार नाही. तो माझ्याकडे बघेल आणि गेली चार वर्षं मनातल्या मनात मागं जाऊन तपासेल, रसाच्या ग्लासापासून सगळी. मला त्या तपासण्याची भीती वाटते. बाळाची वाटते. विमानाची वाटते, थंडीची वाटते, परत यायची वाटते. सकाळी उठल्यावर कशाची भीती आधी वाटून घ्यावी हेच समजत नाही.

तू ये ना. ११ तारखेच्या आधी एक दिवस ये. तू सांग त्याला. त्याचा तुझ्यावर भरवसा आहे, तू सांगितलंस की त्याला निदान कळेल की हे असं होऊ शकतं, चांगल्या माणसांकडूनही. मी एकटीनं सांगितलं तर मी एकटीच खोटी. आणि मी एकटी नव्हते, दादा. वाचलंस तू.

हे वाक्य खोडणार होते. खोडलं तरी तू वाचशीलच, राहू दे.

हे पत्र टपालानं येणार नाही. आमच्या दवाखान्याची गाडी एटापल्लीला जाते, लोकेश चालवतो, तो उद्या तुझ्या हातात देईल. म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. १० तारखेला संध्याकाळपर्यंत मी वाट बघते. नाही आलास तर बसमध्ये सांगते. तिथून त्याला उठून जाता येणार नाही.

उर्वशी


नागपूर, १२ फेब्रुवारी २०२५

प्रफुलदादा यांना,

जयभीम.

मी प्रणित. तुमचा पत्ता उर्वशीच्या वहीत होता. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. ती आत झोपली आहे. काल तपासणी झाली, तिला आराम सांगितला आहे. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे.

तिनं बसमध्ये, वरोरा गेल्यावर सांगितलं. आधी मला वाटलं, मस्करी करते. मग तिनं सगळं सांगितलं, लॅबचं, रसवंतीचं, सहा कार्डं परत दिल्याचं. तिचा चेहरा बघून मला कळलं की मस्करी नाही. जांबला बस चहाला थांबली तेव्हा मी उतरलो. कंडक्टरनं दोनदा बेल मारली. मी टपरीपाशी उभा होतो. ती खिडकीतून मला हाक मारत नव्हती, नुसती बघत होती. तिसऱ्या बेलला मी चढलो, आणि नागपूरपर्यंत मागच्या सीटवर बसलो.

इथं माझं रक्त घेतलं. संध्याकाळी सांगितलं, पिवळं. मला ते आता, एकतिसाव्या वर्षी कळलं.

मी तिला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही. तिच्या आईनं पोरगी गमावली आणि तरी हिनं हे केलं, हे माझ्या डोक्यात बसत नाही. पण रात्रभर मी तिचा हात सोडला नाही. ही दोन्ही खरी आहेत, म्हणून दोन्ही लिहिली.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे.

चार वर्षं मला वाटत होतं, मी तुम्हाला पसंत नाही. कंत्राटी कामगार, घर लहान, म्हणून तुम्ही जेवले नाही. मी माझ्या आईलाही तेच सांगितलं. तिनं तुमच्यासाठी वेगळं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, ते संध्याकाळी गाईला घातलं. तुम्ही मला दोन शब्दांचा निरोप पाठवायचा होता. तपासून घे, एवढाच. मी तुमचा कोणी नव्हतो, मान्य. पण कार्डावर नाव माझं होतं आणि रक्तही माझंच होतं.

मला कळलं असतं तरी बहुतेक मी हिच्याशीच लग्न केलं असतं. मग आम्ही मूल होऊ द्यायचं का नाही ते दोघांनी बसून ठरवलं असतं. ते तुम्ही दोघा भावंडांनी माझ्याशिवाय ठरवलं.

उर्वशी म्हणते, तुम्ही तिची नोकरी जाऊ नये म्हणून गप्प राहिले. मी तिला म्हटलं, सही कोणाची होती? तुम्हाला ती इतकी मानते की हा प्रश्न तिला चार वर्षांत पडला नाही. मला जांबच्या टपरीवर पडला. आणि दुसराही पडला. दर रविवारी पन्नास कोऱ्या कार्डांवर तुम्ही सही करायचे. एक आमच्या घरी आलं. बाकी सगळी बरोबर माणसांकडे गेली, हे तुम्ही कधी बघितलं का? ज्यांच्याकडे चुकीची गेली असतील ती माणसंही माझ्यासारखी लॅमिनेशन करून बसली असतील. मला त्यांची फार भीती वाटते.

विमान १६ मार्चचं आहे. जायचं की नाही, आज सांगता येत नाही. तिथल्या रुग्णालयाला उर्वशीनं काल सगळं खरं कळवलं, त्यांचं उत्तर यायचं आहे. फाइलीतून मी ते कार्ड आणि त्याचं जर्मन पान काढलं. कार्ड या पाकिटात आहे. ते तुमचं आहे, तुम्हीच ठेवा. लॅमिनेशन काढायला गेलो तर अक्षर निघून आलं आणि सही राहिली, म्हणून तसंच पाठवतो.

बाळाचा निकाल २५ तारखेला सकाळी अकरा वाजता बंद पाकिटात मिळेल. पाकीट ती उघडणार नाही. मीही उघडणार नाही, आम्ही तसं ठरवलं आहे. तिची माय येणार आहे, माझी आईही येणार आहे.

एटापल्लीहून पहाटेची बस धरली तर अकरापर्यंत पोचता येणार नाही, म्हणून २४ लाच निघा. तुम्ही या, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. जे लिहिलं असेल तेच वाचा.

प्रणित